फेक्सोफेनाडिन, सेटिरिझिन आणि मंडळी: सोलापूरच्या धुळीत तीन वर्षे

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी चेकिंगचे काम करतो. टेबलावर आलेला प्रत्येक टॉवेल झटकून उजेडासमोर धरायचा, धागा तुटला आहे का, काठ सरळ आहे का, डाग आहे का हे पाहायचे आणि पुढे सरकवायचा, असे हे काम आहे. प्रत्येक झटक्याबरोबर रुईचे बारीक तंतू नाकासमोर तरंगत राहतात. पावसाळा सरत आला की घरापासून कारखान्यापर्यंतच्या मोकळ्या जागा गाजर गवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात, आणि दिवाळीनंतर खोदलेल्या रस्त्यांचा फुफाटा सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर एकामागोमाग दहा-बारा शिंका, दिवसभर वाहणारे नाक, टाळूला आतून सुटणारी खाज आणि चुरचुरणारे डोळे हे माझे वर्षातले किमान सहा महिन्यांचे सोबती आहेत. त्यावर झोप न आणणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या गोळ्या मी गेल्या तीन वर्षांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आलटून पालटून घेतल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. मी डॉक्टर नाही. परंतु प्रत्येक गोळीचे माहितीपत्रक भिंग घेऊन वाचण्याची खोड मला आहे, आणि चेकिंगच्या कामामुळे दोष शोधण्याची सवयही आहे.

त्याआधीची काही वर्षे मी सर्दीची साधी गोळी घेत असे. मेडिकलमध्ये जाऊन ‘शिंकांवर काहीतरी द्या’ म्हटले की जी गोळी हातात पडते, तिच्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीतले औषध असते, जोडीला पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन. शिंका थांबत, यात शंका नाही. मात्र एके सकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला दिवा हिरवा होऊन गेला तरी मी गाडीवर तसाच बसून होतो, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला तेव्हा कुठे भानावर आलो. त्याच दुपारी माझ्या हातून धागा तुटलेले टॉवेल सलग पास झाले आणि पॅकिंगमधून गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. गोळी मी आदल्या रात्री घेतली होती. मला झोप येत आहे असे त्या दिवशी एकदाही वाटले नव्हते, ही त्यातली खरी अडचण होती. जांभया आल्या असत्या तर मी गाडी काढली नसती. या जुन्या गोळ्यांचा अंमल रात्रीबरोबर उतरत नाही, दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, आणि माणसाला सुस्ती जाणवत नसली तरी त्याची प्रतिक्रिया मंदावलेली असू शकते, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले.

यामागचे कारण समजून घेतल्यावर गोळी निवडणे सोपे जाते. धूळ किंवा परागकण नाकात गेले की ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते आणि ते नाकातल्या, डोळ्यांतल्या, त्वचेतल्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे ते पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, जाऊन बसते, त्यातून शिंका, पाणी आणि खाज सुरू होते. गोळी त्या ग्राहींवर हिस्टामिनचे काम चालू देत नाही. पण हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागे ठेवण्याचे कामही करते. जुन्या पिढीची औषधे रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तेथील ग्राहीही अडवतात. नव्या पिढीची औषधे मेंदूच्या वेशीवर बहुतांशी अडतात, आणि जी थोडी आत जातात त्यांतली काही तेथील पेशी पुन्हा बाहेर ढकलतात. तेव्हा ‘झोप न आणणारी’ याचा अर्थ ‘मेंदूत कमी शिरणारी’ एवढाच घ्यावा. किती कमी, हे प्रत्येक औषधागणिक निराळे आहे, आणि पाकिटावर मात्र सगळ्यांनाच एका रांगेत बसवलेले असते.

पहिल्या हंगामात मला सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, रात्री एक, असे लिहून दिले गेले. किमतीच्या बाबतीत या गोळीला तोड नाही. मी घेतलेली दहा गोळ्यांची पट्टी पंचवीस रुपयांच्या आत मिळे. तासाभरात परिणाम जाणवतो आणि तो दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकतो. शिंकांवर आणि टाळूच्या खाजेवर ती मला सर्वांत कडक वाटली, आणि माझ्या पत्नीच्या अंगावर पित्त उठते त्यावरही हीच गोळी चालली. परंतु तिला सरसकट झोप न आणणारी म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेत या औषधाबरोबर जे माहितीपत्रक मिळते त्यात १२ वर्षांवरील व्यक्तींच्या चाचण्यांचे आकडे दिले आहेत. १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १४ जणांना गुंगी आली आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ६ जणांना. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, पण ज्याला होते त्याला होतेच. मी त्या चौदांतला निघालो. सकाळची पाळी असेल तर पहिले दोन तास डोळ्यांवर झापड राही. दुसऱ्या पाळीला, म्हणजे दुपारी कामावर जायचे असे तेव्हा हीच गोळी बिनतक्रार चाले.

लेव्होसेटिरिझिन हे सेटिरिझिनचेच भावंड आहे, किंबहुना त्याचाच कामाचा अर्धा भाग आहे, म्हणून त्याचे ५ मिलिग्रॅम हे सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅमच्या तोडीचे धरतात. ते बदलून दिले गेले तेव्हा मला मोठी आशा होती. महिनाभरात माझ्या लेखी फरक जेमतेमच राहिला. झापड किंचित कमी झाली असेल, पण ती कमी झाली की मला तिची सवय झाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या दोन्ही औषधांविषयी एक गोष्ट अलीकडे कळली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा इशारा दिला की ही औषधे अनेक महिने किंवा वर्षे रोज घेऊन एकदम बंद केल्यास क्वचित काहींना सर्वांगाला तीव्र खाज सुटते. हा प्रकार दुर्मिळ आहे आणि त्यासाठी गोळी घ्यायचीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पण वर्षानुवर्षे रोज रात्री घेणाऱ्या माणसाने ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून बंद करावी, आणि बंद केल्यावर सुटलेली खाज म्हणजे जुनी ॲलर्जीच उसळली असे गृहीत धरू नये.

फेक्सोफेनाडिन मला दुसऱ्या हंगामापासून चालू झाले आणि आजही माझ्या डब्याच्या पिशवीत तेच असते. नाकाच्या ॲलर्जीसाठी १२० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा आणि वारंवार पित्त उठणाऱ्यांसाठी १८० मिलिग्रॅमची, अशी आपल्याकडे साधारण प्रथा आहे. या औषधाचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. टर्फेनाडिन नावाची झोप न आणणारी गोळी एके काळी जगभर खपत असे. काही बुरशीनाशक औषधे आणि एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके यांच्याबरोबर घेतल्यास तिच्यामुळे हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडू शकतात असे आढळल्यावर ती मागे पडली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेली. शरीरात गेल्यावर टर्फेनाडिनचे जे रूपांतर होते आणि जे प्रत्यक्ष काम करते, ते म्हणजे फेक्सोफेनाडिन. हृदयाचा तो दोष त्यात नाही. मेंदूत ते जवळजवळ शिरतच नाही, असे मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या तपासण्यांतही दिसले आहे. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. सकाळी सात वाजता गोळी घेऊन मी साडेसातला गाडी काढतो आणि चेकिंगच्या टेबलावर मला पहिल्या टॉवेलपासून डोळा लावून काम करता येते.

मात्र ही गोळी लहरी आहे, आणि तिच्या लहरी मला दोन आठवडे वाया घालवून कळल्या. सुरुवातीला ती छान चालली आणि मग एकाएकी चालेनाशी झाली. मी ब्रँड बदलला, मेडिकल बदलले, गोळी बनावट तर नाही ना अशीही शंका घेतली. अखेर डॉक्टरांनी विचारले, “पोटासाठी काही घेता का?” घेत होतो. सोलापुरात राहून कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा खाणाऱ्या माणसाच्या घरात ॲसिडिटीची गुलाबी बाटली नसेल तर नवल. सकाळी उठल्याबरोबर दोन चमचे जेल आणि पाठोपाठ ही गोळी, असा माझा क्रम झाला होता. त्या जेलमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांच्याबरोबर घेतल्यास फेक्सोफेनाडिन पोटातून नीट शोषलेच जात नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवल्यावर चौथ्या दिवशी शिंका आटोक्यात आल्या. फळांच्या रसाचेही तसेच आहे. संत्री, सफरचंद आणि ग्रेपफ्रूट यांच्या रसाने या गोळीचे शोषण घटते, म्हणून मी मोसंबीचा रससुद्धा तिच्या आसपास घेत नाही. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाच्या घोटाबरोबर गिळण्याची सवयही सोडावी. दुसरा दोष किमतीचा. नामांकित कंपनीच्या दहा गोळ्यांना दोनशे रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. तेच औषध जेनेरिकमध्ये बरेच स्वस्त मिळते, आणि गेले वर्षभर मी जनऔषधी केंद्रातून घेतो. गुणात मला फरक आढळला नाही, फक्त कधी कधी साठा संपलेला असतो, म्हणून पट्टीत चार गोळ्या उरल्या की दुसरी आणून ठेवतो. आणखी एक गोष्ट. शिंकांवरचा तिचा जोर मला सेटिरिझिनपेक्षा थोडा कमी वाटतो. गाजर गवत ऐन फुलोऱ्यात असते त्या दिवसांत हे जाणवते. दिवसभर शुद्धीत राहण्याच्या बदल्यात दोन-चार शिंका मी पत्करतो.

लोरॅटाडिनविषयी थोडक्यात सांगतो. १० मिलिग्रॅमच्या ठरलेल्या मात्रेत ते झोप आणत नाही, त्याहून जास्त घेतल्यास आणू शकते. मला ते पंधरा दिवस दिले होते आणि बरे चालले. पण आमच्या भागातल्या दोन्ही मेडिकलमध्ये ते मागवून घ्यावे लागले, एवढ्यावरूनच मी ते सोडले. बिलास्टिन २० मिलिग्रॅम ही अलीकडची गोळी. झोपेच्या बाबतीत फेक्सोफेनाडिनच्या पंगतीला बसणारी, परंतु जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी लागणारी. ज्याच्या जेवणाच्या वेळा पाळीबरोबर बदलतात त्याला हे पथ्य जड जाते. कार्यालयात ठरल्या वेळी डबा उघडणाऱ्या माझ्या मेव्हण्याला तीच उत्तम मानवली आहे.

या सगळ्यांबाबत माझी एक तक्रार आहे, आणि ती गोळ्यांपेक्षा त्या घेणाऱ्यांच्या अपेक्षेबद्दल आहे. शिंका, वाहणारे नाक, खाज आणि डोळ्यांचे पाणी यांवर या गोळ्या गुणकारी आहेत. चोंदलेल्या नाकावर त्या फारशा चालत नाहीत. मी कित्येक महिने नाक चोंदले म्हणून एकाच्या दोन गोळ्या घ्याव्यात काय, या विचारात होतो. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला. स्टिरॉइड हा शब्द ऐकून आमच्या घरी अर्धा दिवस चर्चा चालली. हा फवारा लागलीच काम करीत नाही, रोज नेमाने मारल्यावर काही दिवसांनी त्याचा गुण कळतो. मारताना त्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरावे, नाहीतर पडदा सोलवटून रक्त येते, जसे पहिल्या आठवड्यात मला आले. तत्काळ नाक उघडणाऱ्या थेंबांचा मोह मात्र चार-पाच दिवसांपलीकडे नसावा, कारण नंतर त्या थेंबांमुळेच नाक अधिक चोंदू लागते.

आता मेडिकलमधल्या सेवेबद्दल. सोलापुरात औषधांची दुकाने भरपूर आहेत, माणसे बोलकी आहेत आणि रात्री दहाला शटर अर्धे खाली आलेले असतानाही गोळी मिळते, हे मान्य केले पाहिजे. पण माझे ७२ वर्षांचे वडील गेल्या थंडीत नाक गळते म्हणून कोपऱ्यावरच्या एका दुकानात गेले, आणि त्यांचे वय, त्यांच्या इतर गोळ्या यांची काहीही चौकशी न करता त्यांना सर्दीची तीच जुन्या पद्धतीची मिश्र गोळी देण्यात आली. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दोन गोळ्यांनंतर तोंडाला कोरड पडली, ते रात्री काहीसे असंबद्ध बोलू लागले आणि पहाटे लघवी तुंबल्याने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. जुन्या पिढीच्या या औषधांचा असा परिणाम वयस्कर पुरुषांत होऊ शकतो ही गोष्ट वैद्यकात जुनीच आहे. शिवाय त्या गोळीतले फिनाइलेफ्रिन रक्तदाब वाढवू शकते, आणि बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. नंतर त्यांनाही नव्या पिढीतले औषध देण्यात आले, परंतु तेही मूत्रपिंडाची तपासणी करून. सेटिरिझिन बहुतांशी जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड मंद झाले असेल तर मात्रा कमी करावी लागते. गाडी चालवत नाहीत म्हणून वृद्धांना कोणतीही गोळी चालेल असे समजणाऱ्यांनी रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना लागणाऱ्या तोलाचाही विचार करावा.

लहान मुलांबाबत तर डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्यास सांगितले आहे. घरात जुनी बाटली पडलेली असेल तर ती पाहून घ्यावी. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी लोरॅटाडिन आणि सेटिरिझिन यांचा अनुभव डॉक्टरांच्या गाठीशी सर्वांत जास्त आहे, तरी तेथे निवड डॉक्टरांचीच असावी.

मेडिकलमधून आणखी एक जोडी सर्रास हातात ठेवली जाते, ती म्हणजे लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. मला ती न मागता दोनदा मिळाली. ‘हीच घ्या, जास्त पॉवरची आहे’ असे सांगण्यात आले. मॉन्टेलुकास्ट हे निराळ्या जातीचे औषध आहे. त्यामुळे काहींना वाईट स्वप्ने, चिडचीड, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत ठळक प्रकारचा इशारा छापायला लावला, आणि साध्या नाकाच्या ॲलर्जीसाठी दुसरे उपाय निकामी ठरल्याशिवाय ते देऊ नये असे सांगितले. दम्यासारख्या कारणासाठी डॉक्टरांनी विचारपूर्वक दिले असेल तर प्रश्न नाही. काउंटरवरून पॉवर वाढवण्यासाठी ते घेऊ नये.

आमच्या विभागातला एक वयस्कर सहकारी माझे पाहून तीच फेक्सोफेनाडिनची गोळी घेऊ लागला होता. त्याला शिंका नव्हत्याच. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आले की छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरेल तसे बरे वाटते, अशी त्याची तक्रार होती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे हे ओळखीचे लक्षण आहे, आणि त्यावर ॲलर्जीची गोळी हे उत्तर नाही. त्याला मी सिव्हिलला छातीच्या तपासणीसाठी घेऊन गेलो. तसेच ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, अंगभर पित्त उठून चक्कर येणे असे काही झाले तर गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहत बसण्याइतका वेळ नसतो. तेथे मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच लागते, म्हणून १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

गुण द्यायचे झाले तर सकाळी गाडी चालवणाऱ्या आणि नजरेचे काम करणाऱ्या माणसासाठी मी फेक्सोफेनाडिनला पाचांपैकी साडेचार देतो, अर्धा गुण तिच्या रसाच्या आणि जेलच्या नखऱ्यांसाठी कापतो. रात्री घेऊन सकाळी ज्याला झापड येत नाही, त्याच्यासाठी सेटिरिझिन कमी पैशांत चार गुणांचे औषध आहे. ज्याला येते, त्याच्यासाठी दोन. कोणतीही गोळी पहिल्यांदा घ्यायची ती सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्यावी, गाडीची किल्ली घरात ठेवून. धुळीत जायचे ठाऊक असेल तर शिंका सुरू होण्याआधी घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पाहायला आणि गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, मुलांना घेऊन जायचे असते, त्या दिवशी मी घरातून निघण्याच्या दोन तास आधीच ती घेऊन ठेवतो आणि नाकावर रुमाल बांधतो. गेल्या दोन वर्षांत शोभेचे दारूकाम शेवटच्या बाणापर्यंत पाहता आले.

पुढच्या महिन्यात त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी ठरली आहे. त्यासाठी आठवडाभर आधी गोळी बंद ठेवण्यास सांगितले आहे, कारण गोळी अंगात असली की चाचणीत फोड उठत नाही आणि निकाल फसवा येतो. तो आठवडा मी सुपरवायझरांना सांगून चेकिंगच्या टेबलाऐवजी गोदामातल्या नोंदवहीवर काढणार आहे.